वृत्तपत्र आणि ब्लॉग : मजकूर उचलला जातो तेव्हा नेमकं काय करायचं? (मंचावरचा धागा, प्रत्येक प्रतिसादाआधी सभासदाचं टोपणनाव)

तळटीप
तक्रारी दोन्ही बाजूंनी येतात. रविवारच्या पुरवणीत ब्लॉगवरचा लेख नावाशिवाय छापला जातो. दुसरीकडे ब्लॉगवर वृत्तपत्रातला अख्खा अग्रलेख डकवलेला असतो आणि खाली फक्त ‘साभार’. पहिल्या प्रकारात ब्लॉगर चिडतात, दुसऱ्यात वृत्तपत्राच्या वकिलाची नोटीस येते.
माझं मत आधीच सांगून टाकतो. बातमीतली माहिती कुणाच्याच मालकीची नसते, पण ती सांगणारे शब्द लिहिणाऱ्याचे असतात. हाच नियम दोघांना सारखा लावायला हवा. लेख उचलला गेल्याचं कळल्यावर पहिल्या दिवशी काय करावं? उद्धृत किती करावं? नोटीस आली तर उत्तर कसं द्यावं? जाणकारांनी तपशिलात लिहावं. भारतातला कायदा मुख्य धरू, बाहेरची उदाहरणं चालतील.

कोरा_कागद
पहिल्या दिवशी कुणालाही मेल करू नका, आधी पुरावा गोळा करा. मेल गेली की संकेतस्थळावरचं पान तासाभरात उडतं.
वेबवरचं पान असेल तर त्याचा पूर्ण पत्ता टिपा, पान पीडीएफ करून ठेवा आणि वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर, जतन करा. लॉगिनमागचा ई-पेपर तिथे जतन होत नाही, त्यासाठी स्क्रीनशॉट घ्या आणि त्यात पत्ता, तारीख, पान क्रमांक दिसू द्या. मग प्रत्येक फाइलचा हॅश (फाइल जराही बदलली की बदलणारा अंकीय ठसा) काढून ठेवा, एसएचए-२५६ पुरतो. विंडोजवर सर्टयुटिल हा आदेश त्यासाठी आधीपासूनच असतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याला जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्यात हॅश लिहायची जागाच आहे. प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने.
तुमचा लेख आधीचा होता हे दाखवणं त्याहून अवघड. ब्लॉगवर दिसणारी तारीख मागेपुढे करता येते, म्हणून नुसती ती दाखवून भागत नाही. वाचकांना गेलेल्या सदस्यता-मेल, वेबॅकवरची जुनी नोंद, मसुद्याचा बदल-इतिहास यांना जास्त वजन असतं.

दौत
छापील अंकाच्या दोन प्रती विकत घ्या, त्याच दिवशी. एकाच वृत्तपत्राच्या दोन आवृत्त्यांत पुरवणी वेगळी असू शकते, त्यामुळे आवृत्तीचं नाव दिसेल असं पान एक जपायचंच. कात्रण कापू नका, पूर्ण पान ठेवा. कापलेल्या कात्रणावर ना तारीख उरते, ना पान क्रमांक.

पानपूरक
पुरवणीच्या टेबलावर हे घडतं कसं, ते सांगतो. वाचक लेख पाठवतात, त्यातले कित्येक व्हॉट्सअॅपवरून फिरत आलेले असतात आणि मूळ नाव आधीच गळलेलं असतं. पाठवणारा ‘मला आवडलं म्हणून’ पाठवतो आणि त्याचंच नाव लेखक म्हणून लागतं. पान सोडायची वेळ झाली की मजकुरातलं एक वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायला लागणारा एक मिनिटही कुणी काढत नाही. हे समर्थन नाही. चूक कुठे होते ते कळलं तर पत्र कुणाला लिहायचं तेही कळतं, म्हणून सांगितलं.
पत्र पुरवणीच्या नुसत्या मेल पत्त्यावर टाकू नका, तिथे ते लेखांच्या ढिगात जातं. अंकाच्या तळाला बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादकाचं नाव, पत्ता छापलेला असतो. ती मुद्रणरेषा. पत्र त्याच पत्त्यावर, संपादक आणि प्रकाशक दोघांच्या नावाने, पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि तेच मेलनेही.

कलमवाचक
इथे एक कलम ब्लॉगरांच्या लक्षात राहत नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(एम). चालू आर्थिक, राजकीय, सामाजिक किंवा धार्मिक विषयावरचा लेख वृत्तपत्राने किंवा नियतकालिकाने पुनर्मुद्रित केला तर तो भंग नाही, मात्र लेखकाने तो हक्क स्पष्टपणे राखून ठेवलेला नसेल तरच. तुम्ही शेतमालाच्या भावावर लिहिलंत आणि ब्लॉगवर हक्क राखीव असल्याची ओळ नसेल, तर वृत्तपत्राचा वकील हेच कलम पुढे करणार.

कोरा_कागद
कलमवाचक, मुद्दा बरोबर, पण त्याची व्याप्ती फुगवू नये. कलमात ‘चालू’ शब्द आहे आणि विषय चार आहेत. प्रवासवर्णन, पाककृती, कविता, पुस्तक-परीक्षण, जुन्या वास्तूवरचं टिपण यांत बसत नाही. लेखकाचं नाव काढून दुसऱ्याचं लावायची मुभाही त्यातून मिळत नाही. नावाचा हक्क कलम ५७ खालचा वेगळा आहे. कॉपीराइट विकून टाकला तरी आपलं लेखकत्व सांगण्याचा आणि अब्रूला बाध येईल अशी मोडतोड थांबवण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो.

कलमवाचक
मान्य. नावाशिवाय छापलेल्या लेखाच्या तक्रारीत कलम ५७ सगळ्यात आधी लिहावं.

मोडीवाचक
ब्लॉगवर ‘©’ चिन्ह नसेल तर हक्क मिळत नाही का?

कलमवाचक
मिळतो. लेख लिहिला गेला की कॉपीराइट आपोआप येतो. चिन्ह नको, नोंदणीही सक्तीची नाही. नोंदणी केलीत तर वादात मालकीचा प्रथमदर्शनी पुरावा म्हणून ती कामाला येते.

वाटाड्या
आता उलट बाजू. ब्लॉगवर वृत्तपत्रातलं किती घ्यायचं? सगळीकडे ऐकू येतं की ३० शब्द चालतात, १० टक्के चालतात. धाग्यावर आकडा ठरवून टाकला तर बरं होईल.

कलमवाचक
भारतीय कायद्यात असा आकडाच नाही. कलम ५२(१)(ए) मध्ये खाजगी वापर व संशोधन, टीका किंवा परीक्षण आणि चालू घडामोडींचं वार्तांकन या कारणांसाठी ‘उचित व्यवहार’ चालतो, एवढंच म्हटलंय. किती घेतलं याबरोबर कशासाठी घेतलं आणि मूळ लेख वाचायची गरज संपली का, हे पाहिलं जातं. अग्रलेखाच्या युक्तिवादातली चूक दाखवायला त्याचे दोन परिच्छेद घेतले तर टिकू शकतं. ‘वाचनीय’ एवढाच शेरा मारून दोन परिच्छेद डकवले तर टिकवणं कठीण.

ओळीमागची_ओळ
शब्द मोजायच्या नादात काय होतं, याची दोन उदाहरणं. २००८ साली असोसिएटेड प्रेस या अमेरिकन वृत्तसंस्थेने ‘ड्रज रिटॉर्ट’ या छोट्या संकेतस्थळाला सात नोंदी काढायला लावल्या. त्यांतली उद्धृतं ८० शब्दांच्या आतली होती. ओरड झाली, आणि त्याच सुमारास लोकांना दिसलं की ५ ते २५ शब्द वापरायला संस्थेने साडेबारा डॉलर दर लावलेला आहे. दुसरं २००९ चं, युरोपियन न्यायालयाच्या इन्फोपॅक खटल्यातलं. वृत्तलेखांतले ११ शब्दांचे तुकडे, पण त्यांत लेखकाची स्वतःची बौद्धिक निर्मिती दिसत असेल तर त्यांनाही संरक्षण मिळू शकतं, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे ८० शब्द निर्धोक असू शकतात आणि ११ अडचणीचे.
दुसऱ्या टोकालाही रेष आहे. लॉस एंजेलिस टाइम्स आणि वॉशिंग्टन पोस्ट यांनी ‘फ्री रिपब्लिक’ या चर्चामंचावर दावा लावला होता. तिथे सभासद पूर्ण लेख चिकटवून खाली चर्चा करत. चर्चा होते म्हणून पूर्ण लेख चालतो, हा बचाव २००० साली फेटाळला गेला.

वाटाड्या
म्हणजे ब्लॉगरने नेमकं करायचं काय? ‘प्रसंगानुसार’ म्हटल्याने लिहिणाऱ्याचं भागत नाही.

ओळीमागची_ओळ
रास्त प्रश्न आहे. पाळता येईल अशी पद्धत देतो. ज्या वाक्यावर बोलायचं आहे तेवढंच घ्या. प्रत्येक उद्धृताखाली त्याच वाक्याबद्दल तुमचं म्हणणं असू द्या, शक्यतो उद्धृतापेक्षा लांब. वृत्तपत्राचं नाव, लेखकाचं नाव, तारीख आणि मूळ पानाचा दुवा द्या. लेखाचं सार सांगायचं तर पान बंद करून आठवणीतून लिहा. समोर ठेवून लिहिलं की वाक्यांची चाल मूळचीच येते. आणि लेखाचा सगळ्यात मोलाचा भाग, वार्ताहराने महिनाभर खपून काढलेला तक्ता किंवा शेवटचा निष्कर्ष, अख्खा उचलू नका.

दौत
‘साभार’बद्दल एक ओळ. साभार म्हणजे आभारासहित, परवानगीसहित नव्हे. ‘सौजन्य : आंतरजाल’चंही तेच.

तळटीप
सगळे ‘माहिती मोकळी, शब्द राखीव’ म्हणतात, पण शेजारी शेजारी ठेवून दाखवल्याशिवाय ते पटत नाही. कुणी दाखवेल का?

ओळीमागची_ओळ
बनवलेलं उदाहरण घेऊ.
ब्लॉगवर : ‘धरणाचे चार दरवाजे रात्री साडेदहाला अर्ध्या फुटाने उघडले. पाणी आधी ऐकू आलं, दिसलं नंतर. पुलावरच्या दिव्यांची रांग एकेक करून पाण्यात उतरली.’
वृत्तपत्रात, नमुना एक : ‘रात्री साडेदहा वाजता धरणाचे चार दरवाजे अर्ध्या फुटाने उघडण्यात आले.’ हा भंग नाही. चार, साडेदहा, अर्धा फूट ही वस्तुस्थिती. ती ब्लॉगवरूनच कळली असेल तर श्रेय देणं सभ्यपणाचं, पण कॉपीराइट आड येत नाही.
नमुना दोन : ‘रात्री साडेदहाला चार दरवाजे उघडताच पाणी आधी ऐकू आले व नंतर दिसले. पुलावरील दिव्यांची रांग एकेक करून पाण्यात उतरली.’ ‘आलं’चं ‘आले’ झालं, ‘वरच्या’चं ‘वरील’ झालं, पण ऐकू येणं आधी, दिसणं नंतर आणि उतरणारी दिव्यांची रांग, हे पाहणं लेखकाचं आहे. ही नक्कल.
तक्रारीत असाच दोन रकान्यांचा तक्ता द्या, डावीकडे मूळ, उजवीकडे छापलेलं, आणि जुळणारे शब्द अधोरेखित करा. नमुना एक प्रकारच्या ओळी त्यातून वगळा. त्या ठेवल्या की समोरचा नेमक्या त्यांवरच बोट ठेवतो आणि खऱ्या नकलेचं जोरकसपण जातं.

खिळेजुळारी
यात मराठीपुरती एक खूण भर घालतो, फार कामाची आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, संकेतांक ०९३१, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा ‘र’ ०९३०, हलन्त, त्यामागे न दिसणारा जोडक २००डी आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. ब्लॉगर जो कळफलक वापरतो त्याप्रमाणे त्याच्या सगळ्या लेखांत एकच तऱ्हा असते. वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर इतर लेखांत पहिली तऱ्हा आणि या एकाच लेखात दुसरी असेल, तीही नेमकी तुमच्यासारखी, तर मजकूर पुन्हा टंकलेला नाही, चिकटवलेला आहे, हे कळतं. मजकूर कोणत्याही युनिकोड-तपासनिसात टाकला की संकेतांक दिसतात.
छापील अंकाला हे लागू नाही. तिथे मजकूर जुन्या फाँटांत रूपांतरित झालेला असू शकतो आणि रूपांतरात जोडक उडून जातो. तिथे टंकनदोष शोधा. तुमच्या लेखात ‘१८८७’चं चुकून ‘१८७८’ झालं होतं आणि त्यांच्याकडेही तेच आलं, तर दोघांनी वेगवेगळी मेहनत केली म्हणणं अवघड होतं. म्हणून वाद मिटेपर्यंत स्वतःच्या मूळ लेखातली चूक दुरुस्त करू नका!

मोडीवाचक
+१. हा प्रतिसाद जपून ठेवावा असा.

उंबरठा
अनुवादाचं कुणी बोललं नाही. इंग्रजी वृत्तपत्रातला लेख मराठीत आणून ‘स्वैर अनुवाद’ म्हणून ब्लॉगवर टाकायची पद्धत जोरात आहे. शब्द तर सगळे आपले असतात.

कलमवाचक
शब्द आपले असले तरी अनुवाद करण्याचा हक्क मूळ कॉपीराइटधारकाचा आहे, कलम १४ मध्ये तो नावानिशी दिलाय. ‘स्वैर’ लिहिल्याने सुटका नाही. लेखातली माहिती घेऊन, इतर दोन-तीन ठिकाणी पडताळून, स्वतःच्या क्रमाने नवा लेख लिहा. तो अनुवाद नव्हे. वृत्तपत्रांनाही हेच. ब्लॉगवरचा इंग्रजी लेख मराठीत करून नावाशिवाय छापला तर तोही भंगच.

दौत
जुन्या अंकांचं सोपं आहे. ६० वर्षं झाली की छायाचित्र, लेख सगळं मुक्त.

कोरा_कागद
दौत, इथे सावध. निनावी लेखाला प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं, हे ठीक. लेखकाचं नाव असेल तर त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६०. छायाचित्रांना पूर्वी प्रकाशनापासून ६० वर्षं होती, पण २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम २५ वगळलं. आता छायाचित्रही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षित.
एकूणच छायाचित्रापासून जपा. ब्लॉगरांना त्याचा धोका मजकुरापेक्षा जास्त. वृत्तपत्रातलं छायाचित्र बरेचदा वृत्तसंस्थेचं असतं, वृत्तपत्राने ते परवान्यावर घेतलेलं असतं आणि परवानगी द्यायचा हक्क त्यांच्याकडे नसतोच. छायाचित्र ‘थोडंसं’ उद्धृत करता येत नाही, ते अख्खंच जातं.

दौत
२०१२ ची दुरुस्ती नजरेतून सुटली होती. धन्यवाद.

मोडीवाचक
न्यायालयाचे निकाल, समित्यांचे अहवाल जसेच्या तसे देता येतात का?

कलमवाचक
निकाल मोकळे, कलम ५२(१)(क्यू), न्यायालयाने मनाई केली नसेल तर. विधिमंडळापुढे ठेवलेले अहवालही मोकळे. पण कायदा-नियतकालिकाने निकालात घातलेले परिच्छेद-क्रमांक, मुद्द्यांची विभागणी यांना संरक्षण असू शकतं. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध मोडक, २००७, सर्वोच्च न्यायालय.

वाटाड्या
वृत्तपत्राची नोटीस ब्लॉगरला आली तर?

कोरा_कागद
वृत्तपत्राला पहिला प्रश्न विचारायचा : या लेखाचा हक्क तुमच्याकडे कसा आला? नोकरीतल्या पत्रकाराचा लेख असेल तर कलम १७(ए) प्रमाणे वृत्तपत्रातल्या प्रकाशनापुरता हक्क मालकाचा, बाकीचा पत्रकाराचा. बाहेरच्या स्तंभलेखकाचा असेल आणि लेखी करार नसेल तर हक्क लेखकाकडेच असतो. हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. वृत्तपत्रांचे स्तंभलेखकांशी करार कित्येकदा असे अर्धवटच असतात.
मालकीचा प्रश्न किती निर्णायक ठरतो, त्यासाठी अमेरिकेतलं राइटहेवन प्रकरण पाहा. २०१० मध्ये ही कंपनी लास व्हेगास रिव्ह्यू-जर्नलच्या लेखांवरून ब्लॉगर आणि छोट्या मंचांवर दावे लावू लागली, २०० हून जास्त. आधी सूचना नाही, थेट दावा. मागणी दीड लाख डॉलरपर्यंत, वर डोमेनही द्या. घाबरून कित्येकांनी तडजोडी केल्या. मग मूळ करार न्यायालयात उघड झाला. कंपनीला दावा लावायचा हक्क दिलेला होता, बाकी सगळा कॉपीराइट वृत्तपत्रसमूहानेच ठेवलेला. नुसता दाव्याचा हक्क असा विकता येत नाही म्हणून २०११ पासून दावे फेटाळले गेले, आणि २०१३ मध्ये अपील न्यायालयानेही दावा लावायचा अधिकार नाही हेच कायम ठेवलं.

पानपूरक
तरी नोटिशीला गप्प बसू नये. पूर्ण लेख डकवलेला असेल तर तो आधी काढा, मग उत्तर लिहा. काढला म्हणजे चूक कबूल केली असं होत नाही. ‘हक्क अबाधित ठेवून मजकूर तात्पुरता हटवला आहे’ एवढं लिहायचं.

उंबरठा
आणि ब्लॉगसेवेकडूनच नोंद उडाली तर? गूगलच्या ‘ब्लॉगर’ सेवेवर ती मसुद्यात जाऊन बसते.

खिळेजुळारी
ती डीएमसीए या अमेरिकन कॉपीराइट कायद्याखालची तक्रार. तिला उत्तर म्हणून प्रतिसूचना भरता येते. ती मिळाल्यावर तक्रारदाराने दावा लावला नाही तर १० ते १४ कामकाजाच्या दिवसांत नोंद परत येते. पण प्रतिसूचनेत खरं नाव, पत्ता, दूरध्वनी आणि अमेरिकन न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राला संमती द्यावी लागते, आणि ती प्रत तक्रारदाराकडे जाते. टोपणनावाने लिहिणाऱ्यांनी हे आधी जाणून घ्यावं. टीका दाबायला तक्रारी होतात त्या याच जोरावर.
भारतीय मार्ग कॉपीराइट नियम २०१३ चा नियम ७५. मजकूर साठवणाऱ्याने ३६ तासांत तो बंद करायचा, आणि २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा खुला करता येतो. तक्रारदाराला दावा लावण्याची हमी लिहून द्यावी लागते. ती हमी तक्रारीत आहे का, ते पाहा. हा मार्ग वृत्तपत्राच्या स्वतःच्या संकेतस्थळाला लागू होत नाही, ते मध्यस्थ नसून प्रकाशक आहेत. तिथे पत्र आणि न्यायालय.

उंबरठा
सरळ पोलिसांत गेलं तर? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद आहे ना?

कलमवाचक
आहे. हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांनी थेट नोंदवावा असा, असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात म्हटलं. तरी एका लेखासाठी धमकीची भाषा नको. कलम ६० प्रमाणे बिनबुडाच्या धमकीविरुद्ध समोरचाच दावा लावू शकतो. संपादकाला समाजमाध्यमावर ‘चोर’ म्हणणंही टाळा, बदनामीचा वेगळा खटला होतो. दोन रकान्यांचा तक्ता प्रसिद्ध करा, त्यातच सगळं दिसतं.
मुदती दोन लक्षात ठेवा. दैनिक-साप्ताहिकाविरुद्ध प्रेस कौन्सिलकडे प्रकाशनापासून २ महिन्यांत, त्याआधी संपादकाला लिहिलेलं असावं लागतं. कौन्सिल दंड करत नाही, ताकीद किंवा ठपका ठेवते. नुकसानभरपाईचा दावा ३ वर्षांत, जिल्हा न्यायालयात, आणि कलम ६२ मुळे तो लेखकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात लावता येतो. एकट्या ब्लॉगरला हीच सगळ्यात मोठी सोय आहे.

तळटीप
आता दोन मजकूर हवेत. संपादकाला जाणारं पत्र आणि ब्लॉगच्या तळाची ओळ.

पानपूरक
पत्र एका पानाचं ठेवा : ‘आपल्या (तारीख, आवृत्ती, पुरवणी, पृष्ठ) वरील (शीर्षक) हा मजकूर माझ्या (तारीख) रोजी प्रकाशित (शीर्षक, पत्ता) या लेखातून परवानगीशिवाय व नावाशिवाय घेतला आहे. तुलनातक्ता सोबत. संकेतस्थळावर ३ दिवसांत माझे नाव व दुवा द्यावा किंवा मजकूर हटवावा. पुढील पुरवणीत त्याच पानावर खुलासा छापावा. लेखाचे मानधन (रक्कम) द्यावे. १५ दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.’ मानधनाचा आकडा टाकायचाच, आणि तो त्या पुरवणीत बाहेरच्या लेखकाला मिळतो त्याच्या आसपासचा. लाखांची मागणी दिसली की पत्र संपादकाच्या टेबलावरून थेट विधी विभागात जातं आणि खुलासा लांबतो.

कलमवाचक
तळाची ओळ : ‘या ब्लॉगवरील सर्व लेखनाचे पुनर्मुद्रण, अनुवाद व पुनःप्रकाशनाचे हक्क लेखकाकडे स्पष्टपणे राखीव आहेत, कलम ५२(१)(एम) अन्वये वृत्तपत्रे व नियतकालिकांतील पुनर्मुद्रणाचा हक्कही राखीव. परवानगीसाठी मेल करावी.’ ही फक्त ब्लॉगच्या तळाला नको, प्रत्येक लेखाखाली हवी. फीड-वाचकात (ब्लॉगच्या नव्या नोंदी आपोआप आणून दाखवणाऱ्या साधनात) आणि मेलमध्ये लेख जातो तेव्हा ब्लॉगचा तळ मागेच राहतो.

खिळेजुळारी
फीडमध्येच ती ओळ आपोआप जोडायची सोय ब्लॉगरवर आहे : सेटिंग्ज, साइट फीड, पोस्ट फीड फूटर. जुन्या नोंदींनाही लागते. आणि फीड ‘पूर्ण’ऐवजी ‘संक्षिप्त’ ठेवलं तर आपोआप मजकूर ओढणाऱ्यांना सुरुवातीचा थोडाच भाग मिळतो.